नासकी आतडी, काशाचा नाद: ग्वादालूपे माराविया यांच्या कलेमागचा इतिहास

एका कागदावर १ ते २० आकडे लिहायचे, कसेही विखरून. मग तेच आकडे त्याच कागदावर पुन्हा, वेगळ्या जागी. खेळायला दोघं. पहिल्याने एका १ पासून दुसऱ्या १ पर्यंत रेघ ओढायची, दुसऱ्याने २ पासून २ पर्यंत, असं आळीपाळीने. अट एकच: नवी रेघ जुन्या कुठल्याही रेघेला शिवता कामा नये. आधी सोपं वाटतं. दहाबारा रेघा झाल्या की कागदावर गर्दी होते, आणि १३ वरून १३ ला जायचं तर सगळ्यांना वळसा घालून, कडेकडेने, दोन रेघांच्या फटीतून पेन्सिल काढावी लागते. ज्याची रेघ शिवली तो हरला. खेळ संपतो तेव्हा कागदावर पोटातल्या आतड्यांसारखी वेटोळी उरलेली असतात. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशातली मुलं याला ‘त्रिपा चुका’ म्हणतात. मराठी डोळ्यांना ‘चुका’ दिसतील, पण तिथल्या बोलीत त्याचा अर्थ ‘नासकी आतडी’.

१९८४ मध्ये आठ वर्षांचा एक मुलगा आईवडिलांशिवाय एल साल्वाडोरहून अमेरिकेकडे निघाला. अडीच महिने खुष्कीचा प्रवास, या दलालाच्या हातातून त्या दलालाच्या हातात. सीमेपलीकडे माणसं पोचवणाऱ्या या दलालांना तिकडे ‘कोयोते’ म्हणतात. वाटेत मुक्काम पडला की हा मुलगा त्यांच्याबरोबर त्रिपा चुका खेळे. तोच मुलगा आज ग्वादालूपे माराविया या नावाने न्यूयॉर्कमध्ये कलाकार म्हणून काम करतो. त्यांच्या प्रदर्शनांत हा खेळ पुन्हा पुन्हा भिंतीवर उतरतो, पार छतापर्यंत, आणि समोरचा खेळगडी बहुधा असाच सीमा ओलांडून आलेला कुणीतरी असतो. रेघेने रेघेला न शिवता वाट काढायची, हे दोघांनाही खेळाबाहेरचंही ठाऊक असतं.

‘कलेतून उपचार’ हे शब्द आता इतके सैल झालेत की रंगवायची वही आणि रंगीत पेन्सिलींच्या पाकिटावरही छापलेले दिसतात. मारावियांच्या बाबतीत मात्र ते नेमके लागू होतात. जखम कधीची, कुठली, हे सांगता येतं. औषध कुणासाठी, तेही ठरलेलं आहे. म्हणून त्यांच्या कामाची पार्श्वभूमी सांगायची तर कलेच्या इतिहासाआधी एका युद्धाचा इतिहास सांगावा लागतो.

माराविया १९७६ मध्ये सान साल्वाडोरला जन्मले. ते तीन वर्षांचे होते तेव्हा, मार्च १९८० मध्ये, आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घालून मारलं गेलं. त्या वर्षापासून यादवी युद्ध भडकलं ते १९९२ च्या जानेवारीत चापुल्तेपेकचा करार होईपर्यंत. सुमारे ७५,००० माणसं मेली. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर सैन्याने जी कत्तल केली तिच्यात मुलांची संख्या मोठी होती. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने तक्रारी तपासल्या; त्यातल्या ८५ टक्के अत्याचारांचा ठपका सैन्य, निमलष्करी दलं आणि त्यांच्याशी संबंधित मारेकरी टोळ्यांवर आला. या सैन्याला पैसा, शस्त्रं आणि प्रशिक्षण अमेरिकेकडून मिळत होतं.

इथे पेच पडतो. ज्या सरकारला अमेरिका मदत करते त्या सरकारच्या भीतीने पळून आलेल्यांना आसरा दिला, तर आपणच चुकीच्या बाजूला उभे आहोत अशी कबुली दिल्यासारखं होईल. म्हणून रेगन प्रशासनाने या लोकांना ‘पोटासाठी आलेले’ ठरवलं. १९८४ मध्ये, म्हणजे हा मुलगा वाटेवर होता त्याच वर्षी, साल्वाडोरी माणसांच्या आश्रयाच्या अर्जांपैकी तीन टक्केसुद्धा मंजूर झाले नाहीत. रोमेरोंच्या हत्येला दोन वर्षं झाली त्या दिवशी, २४ मार्च १९८२ ला, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरातल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चने आपण या निर्वासितांना आसरा देणार असं जाहीर केलं आणि तिथून ‘सँक्च्युअरी’ चळवळ उभी राहिली. चर्च हे नाव इथे लक्षात ठेवावं, कारण चाळीसेक वर्षांनी मारावियाही एका चर्चमध्येच आपले गाँग, म्हणजे काशाच्या मोठ्या थाळ्या, घेऊन जाणार आहेत.

एकट्याने येणारी मुलं हा अमेरिकेला २०१४ मध्ये अचानक दिसलेला प्रश्न, असं वर्तमानपत्रांतून वाटतं. त्या आर्थिक वर्षात ६८,००० हून अधिक मुलं दक्षिण सीमेवर पकडली गेली. पण मध्य अमेरिकेतून आलेली पहिली लाट ऐंशीच्या दशकातलीच. अशा मुलांना कोठडीत कसं ठेवायचं, कुणाच्या ताब्यात द्यायचं, याचे नियम ठरवणारा जो १९९७ चा फ्लोरेस करार, तोही १९८५ मध्ये पकडलेल्या पंधरा वर्षांच्या एका साल्वाडोरी मुलीच्या दाव्यातून निघाला.

त्याआधीची एक लाट मात्र वेगळ्या स्वागताची होती. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात क्यूबातून १४,००० हून अधिक मुलं आईवडिलांशिवाय अमेरिकेत आणली गेली. ‘ऑपरेशन पेद्रो पान’ हे त्याचं नाव. व्हिसाची अट माफ, कॅथलिक संस्थांची व्यवस्था, विमानाने प्रवास. कारण ही मुलं कम्युनिस्ट राजवटीतून येत होती. त्यांच्यात बारा वर्षांची आना मेंदिएता होती. थोरल्या बहिणीसोबत ती आयोवात पोचली. अनाथाश्रम, मग एकामागून एक परकी घरं. पुढे तिने १९७३ ते १९८० मध्ये आयोवाच्या आणि मेक्सिकोच्या मातीत स्वतःच्या देहाचा आकार उमटवला, कधी चिखलात, कधी फुलांनी, कधी बंदुकीच्या दारूने पेटवून. हीच ‘सिलुएता’ मालिका. आपल्याला ज्या जमिनीतून उपटलं तिच्यात पुन्हा झोपून बघावं, तसं ते काम आहे. म्हणजे विमानाने, कागदपत्रांसह, स्वागत होऊन आलेल्या मुलीचीही जखम भरली नव्हती. मग नदीनाल्यातून, रात्रीअपरात्री, अनोळखी माणसांच्या भरवशावर आलेल्या मुलाचं काय झालं असेल?

मारावियांचं स्वतःचं उत्तर असं की ती जखम शरीरात साठून राहिली. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समधून पदवी आणि हंटर कॉलेजमधून एम.एफ.ए., असं शिक्षण होऊन कलाकार म्हणून पाय रोवताना, तिशीच्या मध्यावर त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तिसरी पायरी. (आतड्यांच्या नावाचा खेळ आणि आतड्यातच गाठ. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे कळतं, तरी त्यांचं काम पाहणाऱ्याला ते विसरताही येत नाही.) शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सगळं झालं. रेडिएशनच्या दिवसांत कुणीतरी त्यांना गाँगच्या नादात झोपवलं, आणि त्या कंपनांनी अंगातला ताण उतरतो आहे असं त्यांना जाणवलं. बरे झाल्यावर ते स्वतः तो नाद वाजवायला शिकले.

त्याच सुमारास नावही बदललं. २०१६ मध्ये त्यांनी जुनं नाव टाकून ‘ग्वादालूपे माराविया’ घेतलं. त्यातलं ‘माराविया’ हे वडिलांनी अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहताना वापरलेलं उसनं आडनाव. मुलाने ते खरं म्हणून लावलं. संकल्पनात्मक कला म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व, असं आपण पाठ म्हणतो. एखाद्याने स्वतःच्या सहीलाच कलाकृती करावी याहून साधं उदाहरण मला सापडलेलं नाही.

२०१९ पासून त्यांची जी शिल्पं सर्वांत गाजली त्यांचं नाव ‘डिझीझ थ्रोअर’. रोग फेकून देणारा. मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणाऱ्या आजीला या नावाचं काही नवल वाटलं नसतं. शिल्प दिसतं कसं? पोलादाच्या आणि लाकडाच्या सांगाड्यावर कापूस आणि डिंकासारख्या मिश्रणाची खरखरीत, हाडासारखी फांदाडं फुटलेली; मध्ये सिंहासनासारखी किंवा देव्हाऱ्यासारखी जागा, आणि तिथे टांगलेला गाँग. फांद्यांवर प्लास्टिकची शरीराची मॉडेलं, सुकलेली घोसाळी (हो, आपण अंग घासायला वापरतो तीच), खेळणी, बाजारातल्या मूर्ती. शेजारच्या पाटीवर साहित्याची यादी असते, जशी कुठल्याही संग्रहालयात असते: गाँग, पोलाद, लाकूड, कापूस, घोसाळं. आणि शेवटी, त्याच कोरड्या सुरात: कलाकाराने आपल्या मूळ स्थलांतराची वाट पुन्हा चालण्याचा जो विधी केला, त्यात गोळा केलेल्या वस्तू. म्हणजे आठव्या वर्षी ज्या वाटेने लपतछपत आले त्याच वाटेवर ते मोठेपणी, हातात पासपोर्ट घेऊन, बाजारहाट करत गेले.

या वाटेवर त्यांना आणखी एक जुनी गोष्ट सापडली: रेताब्लो. मेक्सिकोत पत्र्याच्या छोट्या तुकड्यावर तैलरंगात संकट रंगवायचं, वर कोपऱ्यात ज्या संताने किंवा मातेने वाचवलं तिचं चित्र, खाली दोनचार ओळींत हकिकत आणि आभार, आणि तो पत्रा देवळात नेऊन टांगायचा. एकोणिसाव्या शतकात हे घरोघर पोचलं, कारण पत्रा स्वस्त झाला. ग्वानाह्वातो प्रांतातले एर्मेनेहिल्दो बुस्तोस (१८३२–१९०७) यांच्यासारखे गावातले चितारी हे काम करत. मेक्सिकन चित्रकार फ्रीडा कालोने असे शेकडो पत्रे जमवले होते. विसाव्या शतकात त्यात नवा विषय आला: नदी ओलांडताना बुडालो नाही, सीमेवर पकडलो गेलो नाही, शिकागोतलं ऑपरेशन पार पडलं, मुलाचा पत्ता लागला. हालिस्को प्रांतातल्या सान हुआन दे लोस लागोसच्या देवळात असे पत्रे टांगलेले आहेत.

आपल्याला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. नवस बोलणं आणि फेडणं हा व्यवहार तोच. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत, सप्टेंबरमध्ये, मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर, मेणाचं तान्हं मूल विकत घेऊन मातेला वाहतात. त्या रांगेत हिंदू बायकाही असतात. आणि हे नुसतं साम्य नाही, मूळच जवळचं आहे: स्पॅनिशांनी ही कॅथलिक नवसाची रीत मेक्सिकोत नेली, पोर्तुगीजांनी वसई, मुंबई आणि गोव्याकडे. दोन्हीकडे तिला आधीचे स्थानिक देव आणि त्यांचे नवस येऊन मिळाले.

माराविया रेताब्लो स्वतः रंगवत नाहीत. मेक्सिको सिटीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या घरातले दानिएल विल्चिस त्यांच्यासाठी पत्र्यावर चित्र आणि मजकूर उतरवतात. मध्ये छोटं चित्र, भोवती मारावियांची ती फांद्याफांद्यांची जाडजूड चौकट. मजकूर आभाराचा: आतड्यातली गाठ गेली याबद्दल, गाँगच्या नादाबद्दल, वनस्पतींबद्दल. ज्याला मोबदला मिळतो, ज्याचं नाव लागतं, असा कारागीर सोबत घ्यायचा, हा निर्णय मला त्यांच्या इतर अनेक निर्णयांपेक्षा मोठा वाटतो. लोककलेतून रूप उचलून मूळ हात विसरण्याची सवय कलाजगताला फार जुनी आहे.

आता दुसरी वाट, इस्पितळातून आलेली.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ मध्ये अ‍ॅड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. क्षयाने आजारी पडून ते १९३८ मध्ये ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या आरोग्यधामात खाटेवर होते. चित्रं काढून स्वतःला बरं वाटलं म्हणून शेजारच्या खाटांवरच्यांना शिकवू लागले. अमेरिकेत हा विषय वाढवणाऱ्यांत एडिथ क्रेमर यांचं नाव वर येतं, आणि त्या स्वतः निर्वासित. १९१६ मध्ये व्हिएन्नात जन्म, १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पलायन. त्यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकार बाईंनी प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवली, तेव्हा क्रेमर त्यांच्या मदतनीस होत्या. पुढे डिकर-ब्रांडाइस यांना नाझींच्या तेरेझीन छावणीत पाठवलं. तिथेही त्या मुलांना शिकवत राहिल्या. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशविट्झला नेऊन त्यांना मारलं गेलं. मागे दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे ४,५०० चित्रं राहिली. बहुतेकांवर मुलाचं नाव, कारण नाव लिहायचंच असा त्यांचा वर्गातला आग्रह होता. आर्ट थेरपीच्या पाठ्यपुस्तकांत हा इतिहास एखाद्या परिच्छेदात येतो. मला वाटतं, तो पहिल्या पानावर हवा. ही विद्या अमेरिकेत आली तीच घर सुटलेल्या माणसांच्या हातून.

ब्राझीलमध्ये मनोविकारतज्ज्ञ नीझे दा सिल्वेरा यांनी विजेचे झटके आणि मेंदूची शस्त्रक्रिया करायला साफ नकार दिला. वार्गास राजवटीत तुरुंग भोगून १९४४ मध्ये त्या कामावर परतल्या होत्या. शिक्षा म्हणा, हेटाळणी म्हणा, त्यांना रिओतल्या एंजेन्यो दे देंत्रो इस्पितळाच्या दुर्लक्षित ‘कामकाज’ विभागात टाकलं. १९४६ मध्ये तिथेच त्यांनी रुग्णांसाठी चित्रशाळा उघडली, १९५२ मध्ये तिचं संग्रहालय झालं. रिओतले तरुण चित्रकार आणि समीक्षक मारियो पेद्रोझा तिथे येत-जात. त्यामुळे ब्राझीलच्या आधुनिक कलेत ‘कलाकार’ आणि ‘रुग्ण’ यांच्यातली भिंत इतर देशांपेक्षा आधीच पातळ झाली.

त्या वातावरणातून लिजिया क्लार्क (१९२०–१९८८) पुढे आल्या. इथे थोडं थांबायला हवं, कारण संकल्पनात्मक कला आणि उपचार यांचा सांधा मला सर्वांत स्वच्छ त्यांच्या कामात दिसतो. १९६६ च्या सुमारास अपघातात त्यांचं मनगट दुखावलं. मनगटाला ऊब मिळावी म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली असे. एक दिवस ती पिशवी काढून त्यांनी तिच्यात हवा भरली, तोंडाला रबर लावलं, आणि एका कोपऱ्यावर छोटा गोटा ठेवला. दोन्ही तळव्यांत पिशवी धरून हलकेच दाबली की गोटा वर उचलला जातो, सोडली की खाली बुडतो. श्वास घेतल्यासारखा. ‘पेद्रा ए आर’, दगड आणि हवा. यात बघण्यासारखं काहीच नाही. हातात धरल्याशिवाय ही कलाकृती नाहीच. घरी साधी पिशवी आणि गोटा घेऊन करून बघता येतं, आणि मग लक्षात येतं की आपण नकळत स्वतःचा श्वास त्या गोट्याच्या लयीला लावलेला आहे.

ब्राझीलमध्ये लष्करी हुकूमशाही होती. क्लार्क १९६८ पासून काही वर्षं पॅरिसला राहिल्या, तिथे सोरबोनमध्ये विद्यार्थ्यांबरोबर असेच स्पर्शाचे प्रयोग केले, आणि १९७६ मध्ये रिओला परतल्यावर कलादालनं जवळजवळ सोडूनच दिली. घराच्या एका खोलीत गादी अंथरली. एकेक माणूस येऊन तिच्यावर पडे. क्लार्क त्याच्या अंगावर पाण्याच्या, वाळूच्या, हवेच्या पिशव्या, शिंपले ठेवत, आणि हातात एक दगड देत. वस्तूंच्या जगाशी धरून ठेवणारा खुंटा म्हणून तो दगड. याला त्यांनी ‘एस्त्रुतुरासाओ दो सेल्फ’ म्हटलं, स्वत्वाची बांधणी. समीक्षकांना प्रश्न पडला, ही कला का? मानसोपचारवाल्यांनाही पडला, हा उपचार का? दोघांनाही त्यांनी समाधानकारक उत्तर दिलं नाही. १९८८ मध्ये त्या वारल्या. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ज्यांनी कला सोडली त्यांना कलेत परत घ्यायला संग्रहालयाला सव्वीस वर्षं लागली असं म्हणायला हरकत नाही.

न्यूयॉर्कची वाट याहून हलक्या पावलांची. जपानी कलाकार योको ओनो यांनी सांगितलेली आठवण अशी: १९४५ मध्ये टोकियोवर बॉम्ब पडले, मुलांना खेड्यात हलवलं, खायला नाही, बारा वर्षांची योको आणि धाकटा भाऊ उताणे पडून आभाळाकडे बघत काल्पनिक जेवणाचे बेत करत, आइस्क्रीमसकट. कदाचित तीच आपली पहिली कलाकृती, असं त्या म्हणतात. न्यूयॉर्कला आल्यावर सूचना हीच कलाकृती असं त्यांनी मांडलं, आणि १९६६ मधल्या ‘मेंड पीस’मध्ये फुटलेले कपबशीचे तुकडे, डिंक, दोरा टेबलावर ठेवून प्रेक्षकांना म्हटलं, जोडा. क्यूबात जन्मलेले फेलिक्स गोन्सालेस-तोर्रेस यांनी १९९१ मध्ये, त्यांचा जोडीदार रॉस एड्सने गेला त्या वर्षी, चमचमत्या कागदातल्या गोळ्यांचा ढीग कोपऱ्यात रचला. वजन १७५ पौंड, निरोगी माणसाचं असावं तेवढं. येणाऱ्याने गोळी उचलून खायची, ढीग आजारी देहासारखा झिजत जातो, संग्रहालय तो पुन्हा भरतं. गोन्सालेस-तोर्रेसही १९९६ मध्ये एड्सनेच गेले. तैवानमध्ये जन्मून किशोरवयात अमेरिकेला आलेले ली मिंगवेइ यांचं ‘द मेंडिंग प्रोजेक्ट’ २००९ चं: लोकांनी फाटके कपडे आणायचे, त्यांनी समोर बसून ते शिवायचे. मात्र रफूगार जशी शिवण लपवतो तशी लपवायची नाही; भडक रंगाचा दोरा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक भिंतीवरच्या रिळाला तसंच जोडलेलं. ११ सप्टेंबर २००१ ला जोडीदार जिवंत घरी आला त्या रात्री ते कपडे शिवत बसले होते, त्यातून हे आलं.

या सगळ्यांपासून माराविया एका बाबतीत वेगळे. ओनो, गोन्सालेस-तोर्रेस, ली यांच्याकडे येतो तो कलादालनात येणारा माणूस. मारावियांना हवा असतो तो ज्याला दवाखान्याचं दारही जपून उघडावं लागतं तो. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने अमेरिकेत विम्याची जी बाजारपेठ उघडली, तिच्यात कागदपत्रं नसलेल्यांना पूर्ण पैसे मोजूनही सहसा विमा घेता येत नाही. २०२० च्या वसंतात सरकारने घरोघर १,२०० डॉलरचे धनादेश पाठवले तेही या लोकांना मिळाले नाहीत, आणि याच लोकांना घरी बसून काम करण्याची सोय नव्हती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या त्यांच्या वस्त्यांत कोविडने थैमान घातलं. त्या काळात माराविया ब्रुकलिनच्या बे रिज भागातल्या एका ल्युथरन चर्चमध्ये जाऊ लागले. तिथे गरजूंना अन्न वाटलं जाई आणि स्थलांतरितांना आसरा होता. बाकांच्या मधल्या जागेत चटया, चटयांवर आडवी माणसं, आणि भोवती गाँग. आधी गप्पा, मग नाद.

काशाच्या मोठ्या थाळीवर गुंडाळलेल्या टोल्याने हलकेच मारलं की आवाज आधी कानाला जवळजवळ येतच नाही. तो फरशीतून पाठीला कळतो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाशेजारी उभं राहिलेल्याला छातीत जे होतं त्याचंच हे फार संथ, फार लांबवलेलं रूप.

याने कॅन्सर बरा होतो का? नाही, आणि माराविया स्वतः शस्त्रक्रिया आणि केमो घेऊनच वाचले आहेत. भीती, निद्रानाश, अंग आखडून राहणं यावर होतो तो परिणाम खरा मानायला मला अडचण वाटत नाही. त्यापुढचे दावे कुणी केले तर सावध राहावं. मात्र पाश्चात्त्य संग्रहालयातला ‘नाद’ ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हेही बघावं की ज्याला डॉक्टरकडे जाण्याची भीती वाटते, त्याला एका जागी बोलावून, नाव न विचारता, तासभर निजू देणं हीसुद्धा छोटी गोष्ट नाही.

२०२१ पासून सगळं वेगाने झालं. क्वीन्समधल्या सॉक्रेटिस स्कल्प्चर पार्कमध्ये ‘प्लानेता आबुएलेक्स’, आजीआजोबांचा ग्रह, अ‍ॅल्युमिनियमची प्रचंड शिल्पं, भोवती औषधी झाडं. जिथे हे झालं ती जागा एकेकाळी नदीकाठचा बेकायदा कचऱ्याचा ढीग होती. १९८६ मध्ये तिची बाग करणारे शिल्पकार मार्क दि सुवेरो हेही शांघायमध्ये जन्मलेले, म्हणजे तेही स्थलांतरितच. मग म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘लूस ई फ्युएर्सा’, प्रकाश आणि शक्ती. त्याच वर्षी नॉर्वेचा एक लाख डॉलरचा लीसे विल्हेल्मसेन पुरस्कार. २०२२ मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये ‘तिएर्रा ब्लांका होवेन’, म्हणजे कोवळी पांढरी माती. पाचव्या शतकात इलोपांगो ज्वालामुखी फुटला आणि आजच्या एल साल्वाडोरवर जी पांढरी राख बसली तिचं भूगर्भशास्त्रातलं हे नाव. माया लोक तेव्हा तिथून उठून गेले. त्या संग्रहालयाच्या संग्रहातल्या माया वस्तूही मारावियांनी निवडून शेजारी मांडल्या: मातीची भांडी, वाद्यं, त्याच भूमीतून सीमा ओलांडून आलेली, फक्त त्यांना कुणी कागदपत्रं विचारली नव्हती.

यशाने एक अडचण आली आहे. चर्चमधला नाद आणि मोठ्या संग्रहालयातला नाद एकच राहत नाही. तिकिटाची रांग, सुरक्षारक्षक, गणवेश: कागदपत्रं नसलेल्या माणसाला यातलं काहीही निवांत वाटत नाही. त्यांच्यासाठी आणि कॅन्सरमधून उठलेल्यांसाठी वेगळी सत्रं ठेवून माराविया त्यावर वाट काढतात, तीही रेघ रेघेला न शिवता.

२०२३ च्या उन्हाळ्यात बोस्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्टच्या वॉटरशेडमध्ये, पूर्वी जिथे तांब्याचे नळ आणि पत्रे बनत त्या कारखान्याच्या इमारतीत, ‘मारिपोसा रेलाम्पागो’, म्हणजे विजेचं फुलपाखरू, उभी राहिली. अमेरिकेतली एक पिवळी शाळेची बस मोडीत निघाली, एल साल्वाडोरला गेली आणि तिथे रस्त्यावर प्रवासी वाहू लागली. असल्या बस तिकडे सर्रास दिसतात. मारावियांनी ती मिळवून परत उत्तरेला आणली, चकचकीत पोलाद आणि वाटेवर गोळा केलेल्या वस्तूंनी मढवली, गाँग टांगले. वॉटरशेड ज्या ईस्ट बोस्टनमध्ये आहे तिथे साल्वाडोरी वस्ती मोठी आहे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी असल्याच बसच्या खिडकीला नाक लावलेलं असणार.